सव्वापाच फुटांची भिंत

बत्तीस इंच.

नको. बत्तीस म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखं.

धाकटा उठला, भिंतीला टेप लावली, परत सोफ्यावर येऊन बसला, पुन्हा उठला. सकाळपासून हेच चाललं होतं.

"सारखी मोजून भिंत वाढणार आहे का?" बायको म्हणाली.

भिंत सव्वापाच फूट होती. काल सव्वापाच, आजही सव्वापाच. खरं तर धाकट्याचा धंदाच मापांचा. बाजारात त्याचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं, चित्राभोवती किती पांढरं सोडायचं ते तो नुसत्या नजरेनं सांगायचा. गिऱ्हाइकं त्याला 'चौकट' म्हणत. आणि या चौकटला टीव्हीची चौकट ठरवता येईना.

त्रेचाळीस.

थांबा, आधी भिंतीचं सांगायला हवं.

ही भिंत पूर्वी साडेदहा फुटांची होती. दोघा भावांचा एक हॉल, मधोमध टीव्ही, आणि दोन टोकांना वडिलांनी हौसेनं घेतलेले कमरेएवढे लाकडी स्पीकर, एक डावा, एक उजवा. वडील गेले. त्यांचा पलंग दादानं धाकट्याला न विचारता कुणाला तरी देऊन टाकला. शब्दानं शब्द वाढला, पलंगावरची गोष्ट घरावर आली, आणि हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. वाटणीला मामा बसले होते. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दादाला, फ्रिज आणि सोफा धाकट्याला. स्पीकरपाशी गाडी अडली. दोघांनाही हवे, दोघेही हटेनात. मामा वैतागले. "मला डावं-उजवं करायचं नाही. एकेक घ्या आणि मला जेवायला वाढा."

डावा दादाकडे गेला, उजवा इकडे राहिला. सुतार पार्टिशन ठोकायला आला तर जमिनीलगत वायर आडवी आली. दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघून धाकट्याच्या स्पीकरला जाणारी.

"कापू?" सुतारानं विचारलं.

"राहू दे," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

हे त्यांचं एकमेकांशी शेवटचं बोलणं. नाही, तेही एकमेकांशी नव्हतंच, सुताराशी होतं. सुतारानं प्लायला खाली भोक पाडलं. मामांनी जाता जाता आणखी एक डोकं लढवलं. पार्टिशनचे निम्मे स्क्रू इकडून मारायला लावले, निम्मे तिकडून. म्हणजे रागाच्या भरात कुणा एकट्याला ते काढता येऊ नये.

याला वर्ष झालं. दादा पलीकडे टीव्ही लावतो आणि अलीकडे उजवा स्पीकर बोलायला लागतो.

बोलणं तसं सगळं ऐकू यायचं. पण बाकीचं वाटून यायचं. सनई पलीकडे वाजायची, टाळ्या इकडे पडायच्या. सिनेमातली मोटार दादाच्या घरात सुरू व्हायची आणि याच्या घरातून निघून जायची. बायको रोज संध्याकाळी एक मालिका ऐकायची. ऐकायचीच, कारण दिसणार कुठून?

"त्या सासूचं तोंड तरी बघू दे मला एकदा," ती म्हणाली. "वर्षभर नुसता आवाज. मी आपली मनानं बारीक, उंच, घाऱ्या डोळ्यांची धरून चाललेय. उद्या गोल गरगरीत निघाली म्हणजे?"

"घेऊ ना टीव्ही. नाही कुठे म्हणतोय?"

"म्हणत नाही, पण घेतही नाही."

धाकटा पुन्हा उठला आणि

टीव्हीच्या दुकानात गेला.

दुकानात चाळीसेक टीव्हींवर एकच मासा पोहत होता. विक्रेत्या बाईंनी विचारलं, "बसता किती लांब?"

"आठ फूट."

"मग पंचावन्न. डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून टीव्ही कसा घेऊ?"

बाई हसल्या नाहीत. बहुतेक हा विनोद त्यांना रोज ऐकावा लागत असावा. "त्रेचाळीस घेतलात तर महिन्याभरात पस्तावाल. पंचावन्न रुंदीला चार फूट एक इंच. भिंत किती?"

"सव्वापाच. पण कोपऱ्यात स्पीकर आहे. सव्वा फुटाचा."

बाईंनी मनात बेरीज केली. "एका इंचानं अडतंय. स्पीकर हलवा की."

"वायर तेवढीच आहे."

"नवी घ्या. नाहीतर स्पीकर काढूनच टाका. एकटाच आहे ना? एकट्या स्पीकरचा काय उपयोग?"

"टीव्ही वर टांगला तर?"

"मान दुखेल."

धाकटा बाहेर आला, परत आत गेला, आणखी काही विचारायचं होतं ते विसरला, पुन्हा बाहेर आला. मासा चाळीस ठिकाणी वळला.

वायर नवी घेता आली असती. पण ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला कुणीतरी पलीकडे जायला हवं. आणि आपला टीव्ही आला, आपला आवाज आला, की तो स्पीकर... पुढचं वाक्य त्यानं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

एक मात्र पुरं करायला हवं. दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर एक बटण होतं. ते डावीकडे फिरवलं की सगळा आवाज डाव्या स्पीकरमध्ये जातो आणि उजवा मुका होतो. लहानपणी दादानंच त्याला दाखवलं होतं. म्हणजे दादाला माहीत होतं. रोज संध्याकाळी धाकटा दुकान बंद करून घाईघाईनं घरी यायचा, चहा घ्यायचा आणि कोपऱ्याकडे कान देऊन बसायचा, आज फिरवलं असेल का, म्हणून. स्पीकर बोलायला लागला की मगच कप खाली ठेवायचा. बायकोला वाटे, ह्यांना चहा सावकाश लागतो.

पंचावन्न.

रविवारी दुपारी त्यानं आपल्या दुकानातल्या जाड पुठ्ठ्याचा पंचावन्न इंची टीव्ही कापून आणला. काठ सरळ, कोपरे काटकोनात, बघत राहावं असा. पलीकडे जुना सिनेमा चालू होता, अलीकडे स्पीकरमध्ये टापा खडखडत होत्या, कुणीतरी घोड्यावरून येत होतं. बायकोनं पुठ्ठा भिंतीला धरला. पार्टिशनला टेकवला तर दुसरं टोक स्पीकरवर चढलं.

"बघा, बोटभर हवंय फक्त. हलवा तो."

"वायर ताणलीय."

"मग काढा! दोन मिनिटं बघायला काय जातं? मला कळू तर द्या आपण काय घेतोय ते."

धाकटा खाली बसला. उठला. परत बसला. स्पीकरच्या पाठीमागे हात घातला, चिमटा दाबला आणि वायर ओढली.

घोडा थांबला.

बायकोनं स्पीकर सरकवला, पुठ्ठा नीट बसला, ती मागे होऊन बघायला लागली. "छान दिसतोय हो," ती म्हणाली. धाकट्यानं बघितलंच नाही. तो वायरची दोन टोकं बोटांत धरून तसाच बसला होता. पलीकडे सिनेमा थोडा वेळ चालला. मग तोही थांबला. चपला वाजल्या. प्लायवर कुणीतरी टकटक केली, अगदी खाली, भोकापाशी.

"काय रे, उजवा गेला का?"

धाकट्यानं भोकाकडे बघितलं. इथे बसल्याजागी उजवा गेलेला पलीकडे कळतो? मग लक्षात आलं. प्लाय पातळ आहे. आपल्याला पलीकडचा डावा ऐकू येतो, तसा दादाला इकडचा उजवा ऐकू येत असणार. वर्षभर. म्हणून बटण फिरवलं नाही.

"अरे, आहेस ना?"

"आहे. मी... वायर काढली. टीव्हीचं माप घेतोय."

"किती इंची?"

"पंचावन्न."



"बसायचा नाही," दादा म्हणाला. "तुझी भिंत सव्वापाचच आहे. स्पीकर धरून बोटभर कमी पडेल."

"तुला काय माहीत?"

"माझी पण सव्वापाचच आहे रे! मला काय मोठा टीव्ही नको झालाय?"

बायकोनं तोंडाला पदर लावला, हसू आवरेना. धाकटा म्हणाला, "मी त्रेचाळीसच घेईन. वायर लावतो आत्ता."

"त्रेचाळीस कसला? आठ फुटांवरून काय दिसणार तुला? त्यापेक्षा..." दादा थांबला. वहिनी मागून काहीतरी बोलली, त्यानं तिला "थांब गं" म्हटलं. "त्यापेक्षा पार्टिशन बोटभर इकडे सरकवू."

पार्टिशन बोटभर इकडे की बोटभर तिकडे यावरून वर्षापूर्वी मामांसमोर दोघांनी आवाज चढवले होते, सुतार खडूची रेघ चार वेळा पुसून थकला होता. धाकट्याला ती रेघ अजून दिसत होती.

"तुझं कमी होईल," तो म्हणाला.

"होऊ दे. माझा बत्तीसचाच आहे."

"अहो, हो म्हणा की," बायको पुठ्ठ्याआडून कुजबुजली, आणि मग राहवेना म्हणून मोठ्यानं, "भाऊजी, सरकवाच!"

"बघ, ती हो म्हणाली. तू आधी वायर लाव, घोडा अर्ध्यात अडकलाय." चपला दूर गेल्या, ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला, चपला परत आल्या. "स्क्रू ड्रायव्हर आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"मग इकडचे मी काढतो. तिकडचे तू काढ."