लेकीचा डिंक

माझी लेक विद्यापीठात डिंक बनवते. ती त्याला ‘ऊतींच्या दुरुस्तीसाठीचा जैवविघटनशील पदार्थ’ म्हणते. मी जन्मभर शाळेत शिकवलंय, मला डिंक पुरे. फाटलेलं आतडं त्याने चिकटवायचं आणि जखम भरली की त्याने मुकाट्याने विरघळून जायचं, अशी योजना. चिकटायचं काम तो चोख करी. विरघळायचं नाव घेईना. आपल्या लाळेत असतो तसला पाचक रस बाटलीतून मागवून ती त्यात तुकडे बुडवून ठेवी आणि रोज तोंड पाडून घरी येई.

त्यातच माझी कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. दंतवैद्य नेमका परगावी. बाजारातलं काही तोंडात घालायचं नाही, असा मला दम भरून लेकीने स्वतःचा डिंक आणला. जेवताना सुटला तर, असं मी विचारलं.

“बाबा, हा सुटत नाही हेच तर माझं दुखणं आहे.”

कवळी जुळली. त्याच आठवड्यात तिचे सर जेवायला आले. आजवर चहालाही न फिरकलेला माणूस आपणहून जेवायला येतो, तेव्हा बातमी चांगली नसते. सूप वाढून होतंय तोवर त्यांनी विषय काढलाच. प्रकल्प महिनाअखेर गुंडाळायचा, तिच्यात काही कमी नाही, पण डिंकच दाद देत नाही, वगैरे. लेक खाली मान घालून ऐकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला चार शब्द सुनावावेत म्हणून मी तोंड उघडलं आणि अर्धी कवळी सुपात पडली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक उठली, मला वाटलं, पाणी द्यायला. तिने सरळ माझ्या सुपात हात घातला, तुकडा बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला.

“बाबा, विरघळला.”

मग ती तिथेच उभी राहून मोठ्याने विचार करू लागली. खऱ्या लाळेत विरघळला, म्हणजे डिंक चांगला आणि बाटलीतला रस मेलेला. तो थंड राहिला नाही तरच मरतो. आणि प्रयोगशाळेतल्या फ्रिजचा प्लग दुपारी काढलेला दिसतो, तो कोण काढतं?

सरांनी चमचा खाली ठेवला.

“त्या जागी लावतो ती विजेची किटली माझी आहे,” ते म्हणाले. “कॉफी झाली की प्लग परत लावतो मी. बहुतेक.”

मला पुष्कळ बोलायचं होतं, पण दात अर्धेच होते. सरांनी सूप संपवलं आणि महिनाअखेरचं तूर्त राहू द्या म्हणाले. ताज्या रसात डिंक मुकाट विरघळला. किटली सरांच्या घरी गेली.

कवळी मात्र लेकीने पुरावा म्हणून नेली. दंतवैद्य परतेपर्यंत मी पेजेवर दिवस काढले. आता ते तुकडे तिच्या टेबलावर काचेच्या बरणीत असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, हा माझा पहिला रुग्ण. परवा मी तिथेच उभा होतो. लाज वाटायला हवी होती. ऊर भरून आला.