पुरवणीतला संदर्भ

निवडणूक जवळ आली की गोरक्षच्या डोक्याला ताप सुरू व्हायचा. तो ना उमेदवार, ना कार्यकर्ता. महाळुंगेच्या एका कंपनीत क्वालिटीला, राहायला मोशीत, आणि उरल्या वेळात ऑनलाइन ज्ञानकोशातली आपल्या भागातल्या पुढाऱ्यांची पानं निस्तरणारा. कुणी सांगितलं नव्हतं, पगार तर नव्हताच. एकाचे कार्यकर्ते पानावर येऊन 'कार्यसम्राट' लिहून जायचे, विरोधकांचे 'जमिनी लाटणारा' लिहून जायचे. गोरक्ष दोन्ही खोडायचा आणि दोन्हीकडून शिव्या खायचा. आता त्याला शिव्यांचंही काही वाटेनासं झालं होतं.

यंदा माजी सभापती अर्जुनरावांच्या पानावर नवं वाक्य आलं: 'जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून महाळुंगेत झालेल्या रास्ता रोकोचे नेतृत्व त्यांनी केले.' खाली संदर्भ म्हणून त्यांच्याच वाढदिवसाची पेपरातली पुरवणी. असल्या पुरवण्या इथे कुणाला ठाऊक नाहीत? मधोमध साहेबांचा हसरा फोटो, भोवती शुभेच्छुकांची डोकी, आणि मजकूर साहेबांच्या ऑफिसातून लिहून आलेला. ती सरळसरळ जाहिरात, तिचा संदर्भ चालत नाही.

पण गोरक्षचं मन कडू झालं ते वेगळ्याच कारणाने. तो रास्ता रोको त्याच्या वडिलांनी, दत्तोबांनी केला होता. पोलिसांची लाठी गुडघ्यावर बसली आणि ते मरेपर्यंत लंगडत चालले. अख्ख्या गावाला हे माहीत होतं, आणि छापलेलं मात्र कुठेच नव्हतं. त्या वेळच्या पेपरात 'ग्रामस्थांनी रस्ता अडवला' एवढंच. गोरक्षने वाचनालयात बसून स्वतः शोधलं होतं.

त्याने वाक्य काढलं. पानाला जोडलेल्या चर्चापानावर, जिथे लिहिणारे आपसात वाद मिटवतात, कारण दिलं, आणि हेही लिहिलं की रास्ता रोकोचे पुढारी म्हणून गाव ज्यांचं नाव घेतं ते दत्तोबा माझे वडील, तेव्हा माझं काम दुसऱ्या कुणीतरी तपासावं. कोण तपासणार? मराठी पानं सांभाळणारी माणसं मूठभर, आणि तीही दमलेली.

"तुझ्याच हातात हाय तर ह्यांचं नाव लिही की," त्याची आई गवराबाई म्हणाली.

"मी लिहून चालत नाही, आई. आधी कुठंतरी छापलेलं लागतं."

"आमी डोळ्यांनी बघितलं, ते चालत न्हाई व्हय?"

याचं उत्तर गोरक्षकडे होतं, पण ते आईला समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

रविवारी चुलतभाऊ रविराज आला. अर्जुनरावांचा खास कार्यकर्ता. हातात पेढे होते, म्हणजे काहीतरी काम होतं.

"भावा, मिटवून टाकू," तो म्हणाला. "दसऱ्याला साहेबांची अजून एक पुरवणी निघतेय. आपल्या दत्तोबा तात्यांवर अर्धं पान देतो, फोटोसकट. अर्जुनरावांच्या नेतृत्वाखाली लढलेले दत्तोबा! तुला छापलेलं मिळालं, आम्हाला आमचं वाक्य मिळालं."

"तुमचे साहेब होते का रे त्या दिवशी रस्त्यावर?"

"ते आता जाऊ दे ना राव."

आतून गवराबाईने एवढंच ऐकलं, की ह्यांचा फोटो पेपरात येणार. तिने ट्रंकेतून फोटो काढला, पदराने पुसला आणि रविराजच्या हातात ठेवला. तिचा चेहरा असा उजळलेला गोरक्षने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्याला अडवायला तोंड उघडवेना.

दसऱ्याला पुरवणी आली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानेच वाचून दाखवलं, आणि 'अर्जुनरावांच्या नेतृत्वाखाली' एवढे शब्द गिळून टाकले. ज्ञानकोशाच्या पानावर दुसऱ्या कुणी एवढी लबाडी केली असती तर त्याने खपवून घेतली नसती. आईने कात्रण देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं.

रविराजने शब्द पाळला. तिसऱ्या प्रहरी अर्जुनरावांच्या पानावर वाक्य परत आलं, आणि त्यात दत्तोबांचं नाव होतं. गोरक्ष त्या नावाकडे बघतच राहिला. वडिलांसाठी पुरवणी चालवून घ्यायची, तर साहेबांसाठी का नाही? मग उद्या 'कार्यसम्राट'ही ठेवावं लागेल. चर्चापानावर अजून कुणीही फिरकलं नव्हतं. त्याने वाक्य काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: संदर्भ जाहिरातीचा आहे.

"आलं का रं नाव?" आईने विचारलं.

"आलं होतं, आई. मी काढलं."

मग गोरक्षने देव्हाऱ्याशेजारचं कात्रण तिला पुन्हा वाचून दाखवलं, या वेळी एकही शब्द न गाळता.

गवराबाईने कात्री आणली, नवऱ्याचा फोटो तेवढा कापून घेतला आणि उरलेला कागद गोरक्षच्या हातात दिला.

"लाठ्या पडत व्हत्या तव्हा," ती म्हणाली, "ह्यांनी पोलिसांकडनं पावती घ्यायला पायजे व्हती."