गोष्टीचा शेवट

"भूलतज्ज्ञ होऊ नकोस. आभार सगळे सर्जनचेच मानतात, आपल्याला काळं कुत्रंही विचारत नाही!" निवृत्तीला आलेल्या बाई विद्यार्थिनीवर करवादल्या. मग टेबलावरच्या आजोबांना, भूल चढेपर्यंत मन रमावं म्हणून, नेहमीसारखं म्हणाल्या, "लहानपणचं काहीतरी सांगा."

"दादा नदीत पोहायला शिकवायचा. एकदा त्यानं पोटाखालचा हात काढून घेतला आणि..." आजोबांना झोप लागली.

ऑपरेशन संपवून सर्जन चहाला गेले. बाई उशाशी वाकल्या. "दादानं हात काढून घेतला, आणि?"

"आणि मी तरंगलो की!" आजोबा मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटले.

मागे विद्यार्थिनी खुदकन हसली. ही अजून इथेच?

बाईंनाही त्यांच्या सरांनी असंच झिडकारलं होतं. अशाच कुणाच्या तरी गोष्टीचा शेवट ऐकायला त्या थांबल्या, त्या थांबल्याच.