अर्ध्या टाकीचं पाणी

“घाट उतरायचा असला तर टाकी एक तर काठोकाठ भरलेली पाहिजे, नाहीतर कोरडी. अर्धं पाणी बेइमान असतं, रामकिसन, ध्यानात ठेव.”

फौजेत गाडी शिकवणाऱ्या साताऱ्याकडच्या उस्तादांचा आवाज फौज सोडल्यावरही रामकिसनच्या कानातून गेला नव्हता. धाकट्या भावाला, आश्रुबाला, गाडी शिकवताना त्यानं तेच जसंच्या तसं सांगितलं. आश्रुबा चाकाचा नट आवळता आवळता हसला.

“दादा, अर्धं पाणी बेइमान, मग आपल्या सोसायटीचा चेअरमन कोण?”

“चूप बे. हसण्यावारी नेऊ नको.”

गाडी म्हणजे फौजेच्या लिलावातला जुना ट्रक. आणला तोच दुसऱ्या गाडीला बांधून, ओढत. इंजिनात मुंगळ्यांनी घर केलेलं. दोघा भावांनी त्याची हाडं न् हाडं सुटी केली, रॉकेलात धुतली, ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या, स्प्रिंगांचे पाटे बीडहून ठोकून आणले. मागचा हौदा उतरवून तिथं पत्र्याची टाकी बसवली. हिरवा रंग तेवढा ठेवला. या गाडीची पुढची चाकंही ओढायची, म्हणून नारायणगडापलीकडच्या धनगरवाडीचा दगडगोट्यांचा घाट चढणारी अशी ही एकच.

टाकीत आडवे पडदे जोडायचे तेवढे राहिले होते. चालत्या गाडीत पाणी एका अंगाला धावू नये म्हणून आत भोकं पाडलेले पत्रे जोडतात, ते. रामकिसन म्हणाला, थोडे दिवस द्या. पण साल बाहत्तरचं; विहिरींचे तळ उघडे पडलेले. चेअरमन सुंदरराव म्हणाले, “पडदे कशाला? टाकीला काय गोषात बसवायचंय? लोकांचे घसे वाळलेत. मागून लावा तुमचे पडदे.”

रामकिसननं मान डोलावली. गाडी सोसायटीच्या कामाला लागली.

मग एका सोमवारी तो हिवतापानं अंथरुणात, आणि आश्रुबा एकटाच पाणी घेऊन वाडीला गेला. दिवस कलला तरी येईना, म्हणून माणसं बघायला गेली. गाडी घाटातल्या वळणाखाली उलटी पडली होती. आश्रुबा तिच्याखाली होता.

रामकिसनला एकच कोडं. वाडीवर हौदात पाणी उतरवून गाडी कोरडी निघते. कोरडी गाडी त्या वळणावर उलटायची न्हाई.

तेराव्याला वाडीच्या बायनाबाई आल्या. म्हातारी पायी घाट उतरून आलेली. ताटावर बसली, पण घास उचलेना.

“आमीच ठिवलं रं पाणी,” ती म्हणाली. “आमच्यात कुणाचं भांडं रिकामं धाडत न्हाईत. वाटी आली तरी चिमूटभर साखर घालून परत देतो. तुमी तर टाकी भरून आणता. ती कोरडी कशी धाडावी? औंदा साखर कुठली, पीठ कुठलं? पाणीच होतं. आश्रुबाच्या छबूच्या घरी जाईल म्हणून बायांनी आपापल्या हंड्यातलं कमी केलं न् टाकीची तोटी बंद केली. त्याला म्हणलं, झालं बाबा, जा.”

आश्रुबाची बायको छबुबाई चुलीपाशी होती. ती उठली, म्हातारीपुढचं ताट उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी रामकिसन घाटाच्या वरच्या तोंडाशी गेला. तिथं गाडी थांबल्याच्या खुणा होत्या. चाकांच्या मध्ये तव्याएवढी माती ओली होऊन वाळलेली, भेगाळलेली. तो खाली बसला. म्हणजे टाकीत पाणी उरलंय हे आश्रुबाला हिसक्यावरून कळलं होतं. सांगितलेलं तो विसरला नव्हता. त्यानं तोटी उघडली होती, पाणी मातीवर पडताना बघितलं होतं, आणि पुन्हा बंद केली होती. त्या साली पाणी भुईवर ओतायला कुणाचा हात धजला असता? माझाही धजला नसता, असं रामकिसनला वाटलं, आणि मग त्याला तिथून उठवेना.

गाडी बैलं जुंपून वर काढली. टप चेपलेला, टाकीला पोचे आलेले. रामकिसननं ती ठोकून सरळ केली. मग स्वतः टाकीत शिरून एकेक पडदा जोडून घेतला. आत घाम आणि गंजाचा वास.

सुंदररावांनी निरोप धाडला : सडकेवरच्या गावांना पाणी द्या, वाडीचं नाव काढू नका. वाडीचाही निरोप आला : आमाला पाणी नको, त्या पाण्यानं माणूस खाल्लं. तिकडं लोक ओढ्यात झिरे खणून गढूळ पीत होते. हगवणीनं लेकरं जायला लागली होती.

रामकिसन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. “छबू, तू म्हणलीस तर गाडी मोडीत काढतो. तुझ्या शब्दाबाहेर न्हाई मी.”

छबुबाई पदर पुढं ओढून जोंधळे निवडत होती. ती म्हणाली, “म्हातारी उपाशी गेली त्या दिवशी.”

“व्हय.”

“वेशीपर्यंत तिच्या मागं गेलते मी. भांडायलाच गेलते. तर ती सांगती, जाताना ह्यांनी बायांना काय म्हणलं ते.”

“काय?”

“फुडच्या सोमवारी येतो. हौद धुऊन ठिवा.” तिनं खडा बाजूला टाकला. “बाया अजून हौद धुत्यात म्हणं. पाणी नको म्हणत्यात, न् हौद धुत्यात. राखेनं.”

रामकिसन उंबऱ्याशीच खाली टेकला.

“उद्या कोण वार, दादा?”

“सोमवार.”

तिनं सूप उचललं आणि ती आत गेली.

सकाळी रामकिसननं लिंबागणेशच्या फाट्यावर, सोसायटीच्या विहिरीवर, गाडी लावली. सुंदररावांचा माणूस होता तिथं. “कोणत्या गावाला, फौजी?” त्यानं विचारलं. रामकिसननं टाकीत नळी सोडली. टाकी भरली, झाकण आवळलं, चाकं बघितली. सडक सुटली तिथं पुढच्या चाकांचा दांडा ओढला आणि गाडी वाडीच्या घाटाला घातली.