अंगठ्याचं माप

आमच्या गल्लीतल्या इमारती जुन्या, पण भाडं परवडतं, म्हणून भिंतींना भेगा पडल्या तरी कुणी जागा सोडत नाही. त्या भेगांचे फोटो काढून पालिकेच्या कार्यालयात द्यायचं काम मी आणि बायको करायचो. भेग वाढलेली दिसली, तरच तिथून माणूस तपासायला येतो. मी कॅमेरा धरायचो, ती भेगेवर अंगठा टेकवायची, म्हणजे बघणाऱ्याला रुंदीचा अंदाज यावा. फोटोत तोंड कधी येत नाही म्हणून कुरकुरायची.

ती गेल्यावर पहिल्यांदाच एकटा निघालो. शेवटी मेहुणीच्या इमारतीत पोचलो. तळमजल्यावरच्या खोलीत ती आणि सासूबाई राहतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांची खाट जिन्याच्या भिंतीला लागून, आणि भेग त्याच भिंतीत. भिंत बोलते, असं त्या हल्ली सारखं म्हणत होत्या. मेहुणी म्हणायची, आईचे कान वाजतात.

मी जिन्यात भेगेवर माझा अंगठा टेकवला आणि फोटो काढला. मग जुना फोटो शेजारी धरला. दोन्हींत अंगठ्याखाली भेग जेमतेम झाकली जात होती. मेहुणीचा जीव भांड्यात पडला. आई, तुझी भिंत ठणठणीत आहे, आता मला झोपू दे, असं तिनं आत ओरडून सांगितलं.

घरी आलो. शर्टाचं बटण लोंबत होतं, म्हणून बायकोचा शिवणाचा डबा उघडला. जाड कापड शिवताना ती अंगठ्यात पितळी टोपण घालायची. ते मी सहज माझ्या अंगठ्यात घालून पाहिलं. नखावरच अडकलं.

 टोपण मुठीत धरून तसाच मेहुणीच्या इमारतीकडे पळालो.

तिच्या अंगठ्यानं जी भेग झाकली जायची, तिच्यात हे टोपण शिरायला नको होतं. मी ते भेगेशी धरलं. ते सरळ आत गेलं आणि बोटांतून सुटलं. भिंतीच्या आत टकटक करत बराच वेळ खाली जात राहिलं.

मेहुणीनं दार उघडलं. आईला उचल, एवढंच म्हणालो.

"भावजी, फोटो तर सारखेच होते ना?"

"अंगठा सारखा नव्हता. जुना तुझ्या ताईचा आहे. नवा माझा."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.  मग ती खाटेच्या उशाकडे गेली.

समोरच्या पंक्चरवाल्यानं खुर्ची आणली, मग वरची दारं बडवत सुटला. बोचकी घेऊन माणसं कुरकुरत उतरली. सगळे उतरले तरी जिन्यात वाळू सरकल्यासारखा बारीक आवाज येतच होता.

सासूबाईंना आम्ही पलीकडे, पंक्चरवाल्याच्या दुकानापुढं बसवलं. त्यांनी माझी बाही धरली. मघाशी भिंतीतून काय पडत गेलं, विचारलं. मी सांगितलं.

"माझ्या लेकीचं होतं?"

मी मान हलवली.

"राहू दे ते. तुम्ही आत जायचं नाही."

मी कुठं चाललोय, असं म्हणणार होतो. पण माझा एक पाय रस्त्यावर उतरलेला होता, आणि तो मागं घेणं मला जड गेलं.