न विरघळलेली परांची

उजवं पाऊल ठाम टेकायचं, मग एका श्वासाएवढा विराम, आणि मग डावं पाऊल फळीला घासत, जणू स्वतःचीच समजूत काढत, वरच्या पायरीला लागायचं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या तेरा लाकडी पायऱ्यांवर बाईच्या चालण्याची ही लय इतकी निश्चित होती, की खालच्या दुकानातला शिंपी ती ऐकूनच तिच्यासाठी चहा सांगायचा. आज तो जिना मूक आहे. बाई वरच आहे.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. वडील गावोगाव विहिरी खणायचे, आणि बाई कोवळ्या वयापासून मुरमाची टोपली डोक्यावर घेऊन विहिरीच्या तिरप्या पायवाटेनं, गुडघ्यावर हात दाबत, खालच्या काळोखातून वरच्या उन्हात यायची. मी वर, बाभळीच्या विरळ सावलीत, पुस्तक घेऊन बसलेला असायचो. तिच्या कपाळावरची माती घामानं ओली होऊन भुवयांपर्यंत उतरलेली असे, आणि त्या मातकट चेहऱ्यातून तिचं हसू संत्र्याच्या बहरासारखं, दिसण्याआधी दरवळत, बाहेर पडे. मी अमरावतीला शिकायला गेलो, तिथंच प्राध्यापक झालो; ती लग्न होऊन अकोल्यात आली, अंगणवाडीत लागली, पुढे एकटी राहिली. माझ्या विद्येची वाट तिच्या गुडघ्यांवरून गेली आहे, हे मला नेहमीच ठाऊक होतं. डाव्या गुडघ्यातली कूर्चा, हाडांच्या टोकांवरची ती गुळगुळीत, मऊ गादी, पार झिजली तेव्हा ते तिलाही डॉक्टरांकडून कळलं.

योगायोग म्हणा, की माझ्या मनानं गुपचूप केलेली निवड म्हणा, माझं संशोधन याच गादीचं. गवंडी भिंत रचताना बांबूंची परांची बांधतात, तशी सूक्ष्म छिद्रांची परांची आम्ही प्रयोगशाळेत घडवतो. पेशींनी तिच्यात शिरावं, खाली हाड आणि वर कूर्चा रचावी, आणि काम सरताच परांचीनं निमूटपणे विरघळून जावं. आमची परांची मात्र दोन थरांच्या सांध्यावरच उकलायची. एका शनिवारी मी तसा एक तुकडा बाईच्या तळहातावर ठेवला. तिनं तो खिडकीतल्या उजेडात फिरवून पाहिला.

"खडूवर साय धरल्यावानी दिसते रे राज्या. पन चिकटवलं काहून? विहिरीत काळी माती कुठं सरते अन् मुरूम कुठं लागते, हे आपल्या बापालेबी सांगता नाही आलं कधी."

मी परतलो आणि दोन थरांमधली रेघच पुसली. टणकपणा तळापासून वरपर्यंत हळूहळू उतरत नेला, पहाट जशी दिवसात उतरते तसा. सांधा टिकला. त्या रात्रीचा हर्ष मी आजही नाकारत नाही. माझ्या अपराधाचं बीज त्या हर्षातच होतं.

कारण पुढच्याच मार्गशीर्षात बाईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. धातूचा सांधा बसणार होता, ती महिन्या-दोन महिन्यांत जिना सहज उतरणार होती. मी म्हणालो, "थांब बाई. लोखंड कशाला? माझं काम होत आलंय." काचेच्या बशीतल्या तुकड्यापासून माणसाच्या गुडघ्यापर्यंत किती वर्षांचं अंतर असतं, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. शिवाय यंत्राखाली वारंवार भार दिला की वरचा मऊ थर भुगा होऊन सुटत होता, हेही मी त्याच आठवड्यात पाहिलं होतं. तरी बोललो. करुणेनं नव्हे. ज्या गुडघ्यानं मला वर आणलं, तो माझ्याच हातांनी बरा व्हावा, आणि लोकांनी ते पाहावं, अशी हाव होती ती. बाईनं डॉक्टरांना फोन करून तारीख सोडली. "माहा भाऊच बनवून राहिला," असं त्यांना सांगताना तिचा आवाज नव्या लुगड्यासारखा करकरीत होता.

मग सात उन्हाळे गेले. कूलरच्या ओल्या वाळ्यातून झिरपणारा हिरवट उजेड सकाळी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी यायचा, दुपारी दुमडून राहिलेल्या गुडघ्यावर चढायचा आणि संध्याकाळी मोर्णा नदीच्या बाजूच्या खिडकीतून निघून जायचा; खोलीत येऊन पुन्हा बाहेर पडू शकणारं एवढं एकच काय ते होतं. आधी तिनं अंगणवाडी सोडली, मग बाजार, मग जिना. शिंप्याचा चहा वर येऊ लागला. परांची वेळेवर विरघळली नाही तर आतल्या जिवंत पेशींना ती कोंडून टाकते, हे मी मुलांना दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो, आणि दर शनिवारी अकोल्याला जाऊन बाईभोवतीच्या आशेला एक नवा बांबू बांधत होतो.

यंदा डॉक्टरच म्हणाले, आता बाईचं हृदय शस्त्रक्रियेची भूल सोसणार नाही. त्या दुपारी मी तिला सगळं सांगितलं, भुग्यासकट. ती बराच वेळ संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे दोरे सोलत राहिली.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

मी संत्र्याच्या साली गोळा करत राहिलो.

"तुह्या त्या खडूनं फळ्यावर तरी लिव्हता आलं असतं," ती म्हणाली, आणि हसली नाही. मग फोड माझ्यापुढे सरकवली. "माफी नोको मागू. तुले हलकं वाटन, मले काय? शनिवारी येत जाय. अन् जे मोडलं ते मोडलं म्हनून सांगत जाय."

मी जातो. मोडलेलं सांगतो. ती ऐकते, कधी टोमणा मारते, कधी खिडकीकडे तोंड करून पडून राहते. उठताना माझे धडधाकट गुडघे मला लाज आणतात, आणि उतरताना मी पायऱ्यांवर आवाज होऊ देत नाही. काळ माणसाला असाच नेतो, सांधा दिसू न देता. काळी माती मुरूम होते तसं असणं नसणं होत जातं, आणि आठवणीला विचारलं तर तिलाही वळणाचा दिवस दाखवता येत नाही. मला मात्र येतो. मार्गशीर्षातली दुपार होती, बाईच्या हातात फोन होता, आणि खाली शिंप्यानं, तिचं पाऊल ऐकल्याच्या भासानं, उगाचच एक चहा सांगितला होता.