माटवीचं कणीस

मेघनानं ओक्लाहोमाहून येताना आईसाठी शाल आणली आणि बापासाठी मूठभर मका, वाल नि भोपळ्याच्या बिया. शाल सुभद्राबाईंनी लगेच कपाटात टाकली, कारण वरळीच्या उकाड्यात शाल पांघरायला माणूस वेडाच हवा. लवू मात्र बियांची पुडी उशाशी घेऊन झोपू लागले.

बिया मेघनाच्या तिकडच्या शेजारणीच्या. ती चोक्टॉ जमातीची म्हातारी. तिच्या पूर्वजांना सरकारनं मिसिसिपीकडच्या त्यांच्या मुलखातून हुसकावलं, तेव्हा जे थोडंफार बरोबर नेता आलं त्यात बियाणं होतं. आधी मका लावायचा, तो उभा राहिला की त्याच्यावर वाल चढवायचा आणि खाली भोपळा पसरू द्यायचा, म्हणजे माती झाकलेली राहते. मातीकडून नुसतं घेत सुटायचं नाही. आणि हे बियाणं म्हातारी विकत नसे. उसनं द्यायची, आणि पिकलं की सगळ्यात चांगल्या कणसाचे दाणे परत मागायची.

"म्हंजे आमच्या आवशीचीच रीत," लवू कोकणातल्या आपल्या आईच्या आठवणीनं म्हणाले, आणि ती न पाहिलेली बाई त्या दिवसापासून त्यांच्या नात्यातली झाली.

बीडीडी चाळीच्या मागे, तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीखाली, लवूंची खाटेएवढी जमीन होती. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी ती माती घडवली. मासळी धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, सुकलेला पाला, सगळं तिच्या पोटात गेलं. एवढं कौतुक माझं केलं असतंत तर, असं सुभद्राबाई म्हणत. आता गणपतीनंतर नव्या टॉवरमध्ये जायचं होतं आणि चाळ पडणार होती. त्या मातीतलं हे शेवटचं पीक होतं.

मका वाढला, वाल चढला, भोपळ्यानं गटाराच्या झाकणापर्यंत हातपाय पसरले. पण कणसं कावळ्याउंदरांनी आपसात वाटून घेतली. एकच धड राहिलं; म्हातारीचं उसनं फेडायला तेवढंच. लवूंनी त्याला बायकोच्या जुन्या परकराची पिशवी बांधली आणि रोज सकाळी जाऊन ते त्याची विचारपूस करू लागले.

गणपतीच्या आदल्या दिवशी सुभद्राबाई माटवी बांधायला बसल्या. मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळंभाज्या बांधायच्या, आणि घरच्या मातीत पिकलेलं पहिलं, उत्तम ते मधोमध. सासूनं हे इतक्यांदा बजावलं होतं की हात आपोआप चालत. त्यांनी मागे जाऊन परकराची पिशवी सोडली, कणीस तोडलं, मधोमध बांधलं आणि लवूंना कौतुकानं हाक मारली.

"बांधलंस?" लवू एवढंच म्हणाले.

तेव्हा कुठे सुभद्राबाईंच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. देवाला बांधलेलं सोडवत नाहीत, आणि त्यांच्या घरी माटवीतलं सगळं मूर्तीबरोबर पाण्यात जाई. लवू भांडले असते तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवडीचे मोदकही ताटात तसेच ठेवले.

"त्या बायेन इस्वासान दिल्यान," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

विसर्जनाच्या दुपारी आरती झाली आणि गाऱ्हाणं घालायला, म्हणजे घरादारासाठी देवाला साकडं घालायला, लवू नारळ घेऊन उभे राहिले. घरातलं गाऱ्हाणं पुरुषानंच घालायचं असा रिवाज. सुभद्राबाईंनी त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. मुलगा दीपक अडवायला पुढे आला, पण आईचा चेहरा बघून मागे सरला.

"बा गणराया म्हाराजा," त्या नारळ मूर्तीपुढे धरून म्हणाल्या. "ह्यां कणीस पयलां म्हणान तुका दिलंय. पण तां माझां नाय, लांबच्या बायेचां आसा. माझी चूक झाली. आता तां आमका उसनां दी. तिचे दाणे तिका पोचवतंव. उरलेले पेरतंव आणि येतलां तां पयलां कणीस तुझ्याच माटवीक बांधतंव. थंय टावरात वर माती नाय, तरी बांधतंव म्हाराजा."

गाऱ्हाण्यावर बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो. सगळे लवूंकडे बघू लागले. सुभद्राबाईंची मान वर होईना.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाले.

मग ते स्वतः स्टुलावर चढले, कणीस सोडवलं आणि बायकोच्या पदरात टाकलं.

"आता तूच सांभाळ," ते म्हणाले. "आणि दीपक, रिकामी पोती खंय गावतत काय बघ. माती न्हेवची आसा."